ज्याला थोडी क्षमा, त्याची थोडी प्रीती? लूक ७ मधल्या शिमोनाच्या बाजूने एक प्रश्न

प्रश्न: नाशिकरोडकर

सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत नुकताच लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील शेवटच्या प्रसंगावर उपदेश झाला. शिमोन या परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुद्याच्या, घरी येशू जेवायला बसलेला असताना गावातील एक पापी स्त्री येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी ते पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. शिमोन मनातल्या मनात नाक मुरडतो आणि येशू त्याला पाचशे व पन्नास दीनारांच्या दोन कर्जदारांचा दाखला सांगतो, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. सावकार दोघांचेही कर्ज सोडतो, तर त्यांपैकी कोण त्याच्यावर अधिक प्रीती करील, असे येशू शिमोनाला विचारतो. पाळकसाहेबांनी शेवटी, ज्याला थोडी क्षमा मिळते तो थोडी प्रीती करतो, या वाक्यावर भर दिला आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. बालपणी बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, दृढीकरण, प्रभुभोजन हे सर्व वेळच्या वेळी पार पडले. व्यसनातून किंवा गुन्हेगारीतून बाहेर आलेले बंधू साक्ष देतात तेव्हा त्यांचा कंठ दाटून येतो. माझी प्रार्थना मात्र नीटनेटकी आणि कोरडी असते. मला क्षमा थोडी लागली म्हणून माझी प्रीती थोडी, असा सरळ हिशेब मांडायचा का? तसे असेल तर प्रीती वाढावी म्हणून पाप वाढवावे, हा प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात धुडकावून लावलेला निष्कर्ष दारात येऊन उभा राहतो. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःची पापे उकरत बसणे. पण तसे करणारी काही माणसे मी पाहिली आहेत आणि ती नम्र होण्याऐवजी स्वतःतच गुरफटलेली दिसतात. क्षमेची जाणीव खोल होते म्हणजे नेमके काय होते, आणि तिच्यातून प्रीती व नम्रता कशी वाढते, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर: जुना अभ्यासक

आपल्या हिशेबात दाखल्यातले एक वाक्य धरायचे राहिले आहे. फेडायला दोघांजवळही काही नव्हते, असे येशू सांगतो. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा साधारण एका दिवसाचा रोज. पाचशेच्या तुलनेत पन्नास ही रक्कम किरकोळ वाटते खरी. परंतु ज्याच्या गाठीला एकही दीनार नाही, त्याच्या दृष्टीने पन्नास काय आणि पाचशे काय, सावकाराने सोडले नाही तर तो तितकाच अडकलेला असतो. शिमोनाचे ऋण कमी होते असे समजले तरी आपले नाव कर्जदारांच्या वहीत आहे, हेच त्याच्या गावी नव्हते. तो दाखला ऐकतो, विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तरही देतो, आणि त्यातला दुसरा कर्जदार कोण हे त्याला तरीही उमगत नाही.

येशू त्यानंतर शिमोनाला काय दाखवतो तेही पाहावे. आज्ञाभंगांची यादी तो वाचत नाही. यजमानाकडून राहून गेलेल्या तीन साध्या गोष्टींवर तो बोट ठेवतो: पायांसाठी पाणी दिले नाही, मुका घेतला नाही, डोक्याला तेल लावले नाही. नियमशास्त्राच्या दृष्टीने यात शिमोनाचा काही गुन्हा नाही. पाहुण्याला घरात घेऊन त्याच्यापासून हातभर अंतर राखणे, त्याला जेवू घालता घालता त्याची परीक्षा पाहणे, एवढेच त्याने केले. सरळमार्गी घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांचे बहुतेक ऋण याच खात्यावर पडलेले असते. न दिलेले पाणी, न विचारलेली चौकशी, मदत करतानाही मनात चाललेला निवाडा. साक्षीच्या सभेत अशा गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्या सांगण्याजोग्या पापांत कोणी मोजतच नाही. माझ्या मते आपली प्रार्थना कोरडी असण्याचा संबंध पापाच्या कमतरतेशी नसून या न मोजण्याशी आहे.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करावा. तिची पुष्कळ पापे क्षमा झाली आहेत, कारण तिने फार प्रीती केली, हे वाक्य वाचून काहींना वाटते की तिने प्रीतीच्या मोबदल्यात क्षमा मिळवली. दाखला याच्या नेमका उलट आहे. सावकार आधी सोडतो, प्रीती नंतर उपजते. रात्री पाऊस पडला असणार, कारण अंगण ओले आहे, असे आपण म्हणतो तेव्हा अंगणामुळे पाऊस पडला असे कोणी समजत नाही. तिची आसवे ही तिला मिळालेल्या क्षमेची खूण आहे. हा क्रम एकदा पक्का झाला म्हणजे आपल्या प्रश्नातील पहिली भीती गळून पडते, कारण प्रीती पापाच्या आकड्यावर अवलंबून नसून सोडलेल्या ऋणाच्या ओळखीवर अवलंबून आहे, आणि ओळख वाढण्यासाठी ऋण वाढावे लागत नाही.

उत्तर: पुस्तकवेडा, पुणे

ही ओळख किती सावकाश वाढते याचे एक उदाहरण इतिहासात आहे. जॉन न्यूटन हे इंग्रज खलाशी मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवरील एका वादळातून कसेबसे वाचले. त्या वेळी त्यांनी देवाचा धावा केला आणि तो दिवस पुढे ते कृतज्ञतेने पाळत राहिले. साक्षीच्या सभेत गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते. प्रत्यक्षात त्यानंतर न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचे कप्तान झाले. १७५४ मध्ये त्यांनी समुद्र सोडला तो आजारपणामुळे. त्यात सदसद्विवेकाचा भाग नव्हता. १७६४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कृपेवरील त्यांचे जगभर गायले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत इंग्लंडमधील ओल्नी येथील १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेशी जोडलेले आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीर पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी! आपण एके काळी या धंद्याचे सक्रिय साधन होतो ही गोष्ट आपल्याला खाली मान घालायला लावते, अशी कबुली त्यांनी तीत दिली, आणि पुढे पार्लमेंटच्या चौकशीपुढे साक्षही दिली.

कृपेचे गीत लिहून झाल्यावर पंधरा वर्षांनी आपल्या सर्वांत भयंकर कृत्याबद्दल जाहीरपणे बोलणारा हा मनुष्य मला नेहमी विचारात पाडतो. टीकाकार याला ढोंग म्हणतील आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांना त्यांच्या जहाजांतून साखळदंडांत नेले गेले त्यांच्यासाठी ही चाळीस वर्षे फार उशिराची होती. तरीही माणसाच्या मनाबद्दल यातून एक गोष्ट कळते. ज्याला आपण सोडले गेलो आहोत याची खात्री नसते, तो आपल्या भूतकाळातल्या सर्वांत काळ्या खोलीचे दार उघडायला धजत नाही. तो कारणे देतो, जमाना तसा होता असे म्हणतो. खात्री जितकी मुरते तितकी पुढची दारे उघडता येतात. त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी साक्षीच्या सभेतल्या आसवांशी स्वतःची तुलना करू नये, असे सुचवावेसे वाटते. पहिल्या दिवशीची आसवे खरी असतात, पण ती पुरेशी असतातच असे नाही.

उत्तर: नगरची लेक

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरी एक आक्षेप नोंदवल्याशिवाय राहवत नाही. ही चर्चा शिमोनाच्या पंक्तीला बसणाऱ्यांची आहे. आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात महार व मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. या लोकांना ते अपवित्र आहेत, नीच आहेत, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेच होते. त्यांच्यापुढे उभे राहून, तुम्ही नम्र व्हा, आपली पात्रता ओळखा, असा उपदेश सुरू करणे म्हणजे गावानेच दिलेला शिक्का देवाच्या नावाने पुन्हा मारणे होय. आजही घरात मार खाणाऱ्या सुनेला काही ठिकाणी सत्तरदा सात वेळा क्षमा करण्याचे वचन ऐकवले जाते, आणि मारणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही.

त्या स्त्रीशी येशू कसा वागला ते पाहा. तो तिच्याकडे वळून शिमोनाला विचारतो, ही स्त्री तुला दिसते काय? शिमोनाला तोवर फक्त तिची अपकीर्ती दिसत होती. तिच्या पापांचा तपशील येशू एका शब्दानेही काढत नाही. भरल्या पंक्तीत तो तिचा आदर्श यजमानापुढे ठेवतो आणि शांतीने जा असे म्हणून तिला निरोप देतो. पुढे तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेल्या बाईला तो अब्राहामाची कन्या म्हणतो, एकोणिसाव्या अध्यायात जक्कय या जकातदाराला अब्राहामाचा पुत्र म्हणतो. जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल केले, हेही विसरू नये. क्षमा मिळाली म्हणून हिशेब बुडत नाही. ज्यांची मान आधीच वाकलेली आहे त्यांना क्षमा ताठ उभे करते, आणि त्यांची नम्रता त्या उभे राहण्यातून येते. मान खाली घालणे आणि नम्र असणे यांची आपल्याकडे फार सहज गल्लत होते.

नाशिकरोडकर

ताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि मी प्रश्न विचारताना ही बाजू ध्यानात घेतली नव्हती. तरी माझ्या मूळ अडचणीचा दुसरा भाग उरतोच. स्वतःकडे पाहायचे, पण स्वतःत गुरफटायचे नाही, हे प्रत्यक्षात कसे साधावे?

उत्तर: वसईकर

आम्ही कॅथलिक असल्यामुळे माझे बोलणे थोडे वेगळ्या वळणाचे वाटेल, ते समजून घ्यावे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले आणि आजही आमच्याकडील तपसाधना पुष्कळदा त्याच आराखड्यावर होतात. या साधनेच्या पहिल्या आठवड्यात पापांचे चिंतन असते, पण त्याच्याही आधी मनुष्य कशासाठी निर्माण झाला याचे चिंतन येते. पापांचे पहिले चिंतन संपते तेही क्रुसावरील ख्रिस्ताशी बोलण्यात. साधकाने तेथे स्वतःला तीन प्रश्न विचारायचे असतात: ख्रिस्तासाठी मी काय केले, काय करीत आहे, काय करायला हवे. पापाचा विचार ख्रिस्ताच्या समोर बसून करायचा, त्याच्या पाठीमागे नाही, हा या रचनेचा गाभा आहे. गुरफटणारा मनुष्य आरशासमोर बसलेला असतो आणि म्हणूनच त्याचे चिंतन संपत नाही. पोप फ्रान्सिस हे इग्नेशियसच्याच येशूसंघाचे (जेझुइट) होते. २०१३ मधील एका मुलाखतीत त्यांना आपण कोण आहात असे विचारले गेले, तेव्हा आपण प्रभूने ज्याच्याकडे पाहिले असा एक पापी आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. त्या एका वाक्यात पाप आहे आणि प्रभूची नजरही आहे. दोन्हींतले एक काढले तर वाक्य खोटे पडते.

आपण सरळ मार्गाने वाढलात, म्हणून संत ऑगस्तीन यांचा एक विचार आपल्याला विशेष उपयोगी पडेल. आपल्या ‘पापनिवेदन’ (कन्फेशन्स) या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ते म्हणतात की जी दुष्कृत्ये आपल्या हातून घडली नाहीत तीही देवाच्या कृपेमुळेच घडली नाहीत. शिवाय, ज्याच्या हातून तशी पापे झाली नाहीत त्याने आपल्याला हसू नये, कारण ज्या वैद्याने आपल्याला आजारातून उठवले त्यानेच त्याला आजारी पडू दिले नाही. त्याने त्या वैद्यावर तितकीच, किंबहुना अधिक प्रीती करावी. पंधराव्या वर्षी मठात गेलेल्या आणि चोविसाव्या वर्षी वारलेल्या लिझ्यूच्या संत तेरेझा यांनीही लूकमधील याच वाक्याशी झटापट करून आपल्याला आगाऊ क्षमा मिळाली आहे, असे उत्तर शोधले. तीन पिढ्यांचा विश्वास, सुरक्षित घर, वेळीच टोकणारी वडीलधारी माणसे हे सर्व आपण स्वतःच्या सद्‌गुणांच्या खात्यावर जमा केलेत तर शिमोन व्हाल. ऋणाच्या खात्यावर मांडलेत तर तुरुंगातून सुटलेल्या बंधूच्या शेजारी बसणे अवघड वाटणार नाही.

आमच्याकडची जुनी माणसे कुमसार म्हणत त्या पापनिवेदनाबद्दल आपल्या दोन पंथांत मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. स्वतःचे बोलणे दुसऱ्या माणसाच्या कानावर घालावे लागते तेव्हा ते आपोआप आटोपशीर होते, एवढा अनुभव मात्र सांगतो.

उत्तर: मुक्तीची वाचक

पंडिता रमाबाईंचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटले. इंग्लंडमध्ये असताना फुलहम येथे वाँटेजच्या धर्मभगिनींचे काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी मायेने सांभाळीत होत्या. त्यांची एवढी कणव कोठून येते असे विचारल्यावर रमाबाईंना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवण्यात आली. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना काही वर्षांनी जाणवले आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती ही पदवी दिली त्या विदुषीने असे लिहावे, ही मला नम्रतेची गोष्ट वाटते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बदनाम ठरवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपासदन उभे राहिले. फुलहममध्ये पाहिलेली प्रीती पुणे जिल्ह्यात अशी रुजली.

नाशिकरोडकर

सर्वांचा ऋणी आहे. आता एक प्रत्यक्ष बाब विचारतो. आमच्या मंडळीतील एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी पैशाच्या अफरातफरीमुळे बाजूला झाले होते. त्यांनी रक्कम परत केली, वडीलमंडळापुढे कबुली दिली, आणि आता ते उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसतात. त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. मीही बसलेलो नाही. क्षमेच्या जाणिवेवर एवढे वाचून झाल्यावर हे मनाला लागते.

उत्तर: जुना अभ्यासक

हाच आपल्या मूळ प्रश्नाचा खरा भाग आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात एका चाकराला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. ती फेडण्याची भाषाच निरर्थक होती, तरी तो, मला सवड द्या, मी सगळे फेडीन, असे म्हणतो. मला वाटते त्याची गोम येथेच आहे; आपल्याला सवड मिळाली असे त्याने मानले, क्षमा मिळाली असे मानलेच नाही. म्हणून बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी तो सोबत्याचा गळा धरतो. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी, ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. दुसऱ्याने आपले केलेले नुकसान खरे असते, हे दाखला नाकारत नाही.

करिंथच्या मंडळीने एका माणसाला शिक्षा केली होती. त्या मंडळीला पौल दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने गिळला जाईल. आपल्या गृहस्थांनी रक्कम परत केली आहे, कबुली दिली आहे. जक्कयाचा धडा त्यांनी पुरा केला. मंडळीने त्यांच्या हाती पुन्हा हिशेबाच्या वह्या द्याव्यात असे मी म्हणणार नाही. तो निराळा आणि सावधपणे ठरवायचा विषय आहे. बाकावर शेजारी बसण्यासाठी मात्र वडीलमंडळाच्या ठरावाची गरज नसते.

जमल्यास फिलेमोनास पत्र एका बैठकीत वाचावे. ते पंचवीस ओव्यांचे आहे. अनेसिम हा दास मालकापासून, म्हणजे फिलेमोनापासून, दुरावलेला आहे, आणि पौल तुरुंगातून मालकाला लिहितो की आज्ञा करण्याचे धैर्य माझ्यात आहे, तरी प्रीतीस्तव मी विनंतीच करतो. त्याने तुझे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. आणि लगेच, तू स्वतःच माझे ऋण आहेस हे मी बोलून दाखवत नाही, असे म्हणत तो ते बोलूनही दाखवतो. पौलाच्या पत्रांत मला याहून मिश्कील जागा दुसरी आढळली नाही. हे लिहिणारा स्वतः एके काळी मंडळीचा छळ करणारा होता आणि त्याने ती गोष्ट आपल्या पत्रांतून कधी लपवली नाही. फिलेमोनाने काय केले ते या पत्रात नाही. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात मात्र अनेसिम हे नाव पुन्हा येते. तुखिकाबरोबर त्याला त्या मंडळीकडे पाठवले जात आहे, आणि विश्वासू व प्रिय बंधू, जो तुमच्यातलाच आहे, अशी त्याची ओळख करून दिली आहे.